पहिला पैसा कोणी द्यावा? : प्रस्थापित अनुदानाबाहेरील संशोधक आणि बीजनिधीचा विचार

प्रास्ताविक

संशोधन अनुदानाविषयी महाविद्यालयांत जी चर्चा चालते ती बहुधा रकमेविषयी असते. अनुदान अपुरे आहे, दुसरा हप्ता वेळेवर येत नाही, विनियोग प्रमाणपत्रासाठी हेलपाटे पडतात, या तक्रारी सर्वपरिचित आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. परंतु अशी तक्रार करण्यासाठीसुद्धा अनुदान आधी मंजूर व्हावे लागते. ज्याचा अर्ज छाननीपर्यंत पोचत नाही, किंबहुना ज्याला अर्ज करण्याचाच अधिकार नाही, त्याचा प्रश्न निराळा आहे. तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक, कायम विनाअनुदानित महाविद्यालयातील शिक्षक, संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे दहा वर्षे प्रयोगशाळेपासून दूर राहिलेली विज्ञानाची पदव्युत्तर स्त्री, कोणत्याच विद्यापीठाशी संबंध नसलेला स्थानिक इतिहासाचा अभ्यासक, ही सर्व मंडळी या वर्गात मोडतात. त्यांची गणना कोणत्याही अहवालात होत नाही, कारण नाकारलेल्या अर्जांची नोंद राहते. न केलेल्या अर्जांची राहत नाही.

अशा संशोधकांसाठी 'बीजनिधी' ही कल्पना अलीकडच्या काळात वारंवार मांडली जाते. तिचे नेमके स्वरूप काय, ती नेहमीच्या अनुदानाहून कोणत्या बाबतीत भिन्न आहे आणि आपल्याकडील महाविद्यालयीन व्यवस्थेत ती कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाच्या अगदी पहिल्या टप्प्यावर, निष्कर्षाची कोणतीही हमी नसताना दिलेली मर्यादित रक्कम म्हणजे बीजनिधी, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. तथापि रक्कम लहान असणे हे तिचे मुख्य लक्षण नव्हे. नेहमीचे अनुदान अर्जदाराला विचारते, 'तुम्ही आजवर काय केले आहे?' पदवी, प्रकाशित निबंध, पूर्वीचे प्रकल्प, संस्थेची मान्यता ही या प्रश्नाची उत्तरे होत. यांपैकी बहुतेक गोष्टी आधी थोडाफार पैसा व वेळ मिळाल्याशिवाय हाती येत नाहीत. म्हणजे अनुदानातून जे निर्माण व्हायचे तेच अनुदानाची पूर्वअट ठरते. हे चक्र एका ठिकाणी तोडण्यासाठी, पुराव्याआधीचा धोका कोणीतरी पत्करावा, हा बीजनिधीचा गाभा आहे. प्रश्न एवढाच उरतो की तो धोका कोणी पत्करावा आणि कोणत्या नियमाने.

पंचाहत्तर रुपयांचा निर्णय

या प्रश्नाचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण शंभर वर्षांहून अधिक जुने आहे. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांची कथा प्रतिभेची कथा म्हणून घरोघरी माहीत आहे. ती अनुदानाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून मात्र क्वचितच वाचली जाते.

कुंभकोणम येथील शासकीय महाविद्यालयात रामानुजन यांना शिष्यवृत्ती होती. गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातूनही एफ.ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. पदवी नाही म्हणून अध्यापकाची नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून गणितासाठी निर्वेध वेळ नाही, अशी त्यांची कोंडी झाली. १९१०च्या सुमारास ते नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांना भेटले. राव हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीस होते. ही संस्था व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०७ मध्ये स्थापन केली होती आणि तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवलेले होते. राव यांनी काय हवे म्हणून विचारले, तेव्हा या तरुणाने पद किंवा मानमरातब मागितला नाही. पोटाची विवंचना नसलेला वेळ, एवढीच त्याची मागणी होती. राव यांनी दरमहा सुमारे २५ रुपये स्वतःच्या खिशातून देण्यास प्रारंभ केला.

ही मदत उदार होती, पण ती टिकली नाही. फार काळ दुसऱ्याच्या दानावर जगणे रामानुजन यांना रुचेना. मार्च १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची कारकुनी पत्करली. खासगी औदार्याची मर्यादा येथे स्पष्ट होते. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा संकोच या दोहोंवर अवलंबून असलेली मदत ही व्यवस्था होऊ शकत नाही.

व्यवस्थेचा प्रश्न १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठापुढे आला. जानेवारीत रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले होते आणि हार्डी यांनी त्याची गंभीरपणे दखल घेतली होती. फेब्रुवारीत हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांच्या वह्या पाहिल्या. काही वर्षे उपजीविकेची चिंता न करता या तरुणाला गणितात काम करू द्यावे, असे पत्र वॉकर यांनी विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठविले. गणिताच्या अभ्यास मंडळाने दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी सुचविली. अडचण एकच होती. ही शिष्यवृत्ती पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी होती आणि अर्जदार एफ.ए.सुद्धा नव्हता. विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळात यावर आक्षेप आला. तेव्हा एका न्यायमूर्ती सदस्याने विद्यापीठाच्या कायद्याच्या उद्देशिकेकडे बोट दाखविले, असे सांगितले जाते. संशोधनास उत्तेजन देणे हा विद्यापीठाचा हेतू असेल, तर नियमाचा अर्थ त्या हेतूच्या उजेडात लावावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि १ मे १९१३ पासून लागू झाली.

या निर्णयाचे तपशील आजच्या वाचकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. वॉकर यांच्या पत्रापासून प्रत्यक्ष रक्कम सुरू होईपर्यंत सुमारे दोन महिने लागले. पैसा यंत्रसामग्रीसाठी नव्हता, माणसाच्या निर्वाहासाठी होता. नोकरीत मिळणाऱ्या वेतनाच्या अडीच पट होता, त्यामुळे नोकरीतून मोकळे होणे शक्य झाले. निर्णय विषयतज्ज्ञांच्या प्रत्यक्ष वाचनावर घेतला गेला, प्रमाणपत्रांवर नव्हे. आणि उत्तरदायित्वाची अट होती, पण ती माफक होती: दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल. रामानुजन यांनी मार्च १९१४ मध्ये इंग्लंडला प्रयाण करण्यापूर्वी असे तीन अहवाल सादर केले. ज्या प्रमेयाला आज 'रामानुजनचे मास्टर थिअरम' म्हणतात ते याच अहवालांत आले आहे. तिमाही अहवाल हा प्रकार आपल्याकडे केवळ उपचार मानला जातो. येथे अहवाल हेच संशोधन होते.

गोम्बेचे सहा महिने

क्षेत्रकार्यावर आधारलेल्या विज्ञानातील तसेच उदाहरण जेन गुडॉल (१९३४–२०२५) यांचे आहे. १९६० मध्ये त्यांच्याजवळ विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती; त्यांचे औपचारिक शिक्षण चिटणिसाच्या कामाचे होते. पुराजीवशास्त्रज्ञ लुई लीकी यांना टांगानिकातील गोम्बे येथे चिंपांझींचे दीर्घकाळ निरीक्षण करणारी व्यक्ती हवी होती. प्रस्थापित अनुदान-मंडळे अशा अर्जाकडे कसे पाहतील हे लीकी जाणून होते. त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील यंत्रावजार-उत्पादक लेटन विल्की यांच्याकडे शब्द टाकला. विल्की यांना आदिमानवाच्या हत्यारांविषयी कुतूहल होते. त्यांच्या प्रतिष्ठानाकडून सुमारे ३,००० डॉलर मिळाले. त्यात एक लहान नाव, एक तंबू, विमानभाडे आणि साधारण सहा महिन्यांचा निर्वाह भागणार होता.

जुलै १९६० मध्ये गुडॉल गोम्बेला पोचल्या. एकट्या तरुणीने जंगलात राहावे हे वसाहतीच्या अधिकाऱ्यांना मान्य नव्हते, म्हणून आईला सोबत घ्यावे लागले. प्रारंभीचे महिने हिवतापात आणि दुरूनच पळून जाणाऱ्या प्राण्यांचा माग काढण्यात गेले. सहा महिन्यांची मुदत सरत आली असताना, त्या वर्षीच्या शरद ऋतूत, चिंपांझी मांस खातात हे त्यांनी पाहिले. आणि चिंपांझी गवताची काडी व पाने काढलेली डहाळी वापरून वारुळातून वाळवी बाहेर काढतात, म्हणजेच हत्यार तयार करतात, हेही पाहिले. या निरीक्षणानंतर १९६१ मध्ये नॅशनल जिऑग्रफिक सोसायटीने पुढील कामासाठी अनुदान दिले. १९६२ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवीवाचून थेट पीएच.डी.साठी प्रवेश दिला.

येथील क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम बीज, मग पुरावा, मग अनुदान आणि शेवटी पदवी. आपल्याकडील बहुतेक योजनांत हा क्रम नेमका उलटा असतो. शिवाय पहिल्या सहा महिन्यांनंतर दुसरा दरवाजा उघडा होता, हेही तितकेच खरे. विल्कींच्या पैशानंतर कोणीच पुढे आले नसते, तर गोम्बेचे निरीक्षण एका टिपणवहीत बंद राहिले असते.

या दोन्ही उदाहरणांबाबत एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ती यशाची उदाहरणे आहेत, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली. खरी प्रतिभा कशीही वर येतेच, असा निष्कर्ष त्यांवरून काढण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. रामानुजन वर आले, कारण रामचंद्र राव, वॉकर आणि हार्डी यांच्यापर्यंत त्यांच्या वह्या पोचल्या. ज्यांच्या वह्या कोणापर्यंत पोचल्या नाहीत त्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत. बीजनिधीची योजना ओळखीच्या जागी नियम आणू पाहते, ती याचसाठी.

महाराष्ट्रातील एक वेगळी वाट

विद्यापीठाने दार उघडले नाही तर काय करावे, याचे मराठी उत्तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी दिले. १९११ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. संपादन करून ते परतले. कोलकाता विद्यापीठात काही काळ अध्यापन केल्यानंतर त्यांना स्थिर पद लाभले नाही. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची कल्पना घेऊन ते एखाद्या अनुदान-मंडळाकडे जाऊ शकत नव्हते, कारण असे मंडळच नव्हते. त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले आणि विसाच्या दशकात २३ खंडांचे काम तडीस नेले. संशोधनासाठी भागभांडवल उभारण्याचा हा प्रयोग विलक्षणच म्हटला पाहिजे. त्याच्या काही वर्षे आधी, १९१० मध्ये, वि. का. राजवाडे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तीही विद्यापीठीय चौकटीबाहेरच.

लोकवर्गणीचा हा मार्ग गौरवास्पद असला तरी त्याची किंमत संशोधकाला मोजावी लागते. केतकरांच्या आयुष्यातील कितीतरी काळ ग्रंथ विकण्यात गेला. शिवाय ज्ञानकोश विकत घेणारे वाचक मिळू शकतात. एखाद्या तालुक्यातील भूजलातील क्षारांचे मोजमाप विकत घेणारा वर्गणीदार मिळणे कठीण.

प्रवेशद्वाराची रचना

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. भारतातील महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने अनुदानाचे प्रवेशद्वार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या दोन कलमांत आहे. कलम २(फ) अन्वये महाविद्यालयाला मान्यता मिळते. केंद्रीय साहाय्यास पात्र ठरण्यासाठी मात्र कलम १२(ब) अन्वये वेगळी पात्रता लागते. हे कलम १९७२च्या दुरुस्तीने आले. ज्या महाविद्यालयाला १२(ब) लाभलेले नाही, तेथील शिक्षकाची वैयक्तिक गुणवत्ता कितीही असली तरी आयोगाच्या बहुतांश योजनांत तिचा विचार होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संस्थेच्या आर्थिक स्थैर्याची खात्री करून घेणे हा या कलमाचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की संशोधकाची पात्रता त्याच्या प्रश्नावर न ठरता त्याच्या नियुक्तिपत्रावरील संस्थेच्या नावावर ठरते.

या द्वाराच्या आत असलेल्यांसाठी आयोगाची लघु संशोधन प्रकल्प योजना दीर्घकाळ बीजनिधीचेच काम करीत होती, जरी तिला तसे नाव नव्हते. पश्चिम विभागातील अर्ज पुण्यातील विभागीय कार्यालयाकडे जात. महाराष्ट्रातील कितीतरी अध्यापकांनी आपला पहिला संगणक, पहिली प्रश्नावली, पहिला क्षेत्रभेटीचा प्रवास याच योजनेतून केला. या योजनेतील काही अहवाल केवळ सेवापुस्तिकेसाठी लिहिले गेले हे अमान्य करता येणार नाही. तरीही ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाला संशोधनाचा अर्थसंकल्प कसा मांडावा, तीन दरपत्रके कशी मागवावी, माहिती कशी गोळा करावी हे शिकविणारी दुसरी शाळा नव्हती. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, म्हणजे मार्च २०१७ मध्ये, ती मावळली.

त्यानंतर ५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने काही नव्या योजना जाहीर केल्या. त्यांतील सेवेतील अध्यापकांसाठीच्या अनुदानात दोन वर्षांसाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. अर्जदाराने पाच विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केलेले असावे आणि किमान दोन प्रायोजित प्रकल्प पूर्ण केलेले असावेत, अशा अटी होत्या. नव्याने नियुक्त झालेल्यांसाठीची डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या नावाची योजना होती. तीही नियमित पदावरील सहायक प्राध्यापकांपुरती होती. या अटींमागील गुणवत्तेचा आग्रह समजतो. पण ज्या महाविद्यालयात पदव्युत्तर विभागच नाही, तेथील शिक्षकाने पाच पीएच.डी. विद्यार्थी कोठून आणावेत? आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला दोन्हींपैकी कोणत्याही योजनेत जागा नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार हाच वर्ग वाहतो हे लक्षात घेतले, म्हणजे या रिकाम्या जागेचा आकार ध्यानात येतो.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) २०१७च्या चौकटीतही हीच विषमता दिसते. विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांनी आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी दिलेल्या बीजनिधीला त्या चौकटीत स्वतंत्र निकष होता. संलग्न महाविद्यालयांसाठी मात्र बाहेरून मिळालेल्या अनुदानाची रक्कम मोजली जात होती. म्हणजे संलग्न महाविद्यालयाने स्वतःच्या तिजोरीतून एखाद्या शिक्षकाला २० हजार रुपये दिले, तर त्या निकषात त्याचे मोल शून्य. जे मोजले जात नाही ते केले जात नाही, हा प्रशासनाचा स्वभाव आहे. प्राचार्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही.

वेगळ्या दारांचे काही प्रयोग

याच देशात याहून वेगळ्या पद्धतीने विचार करणाऱ्या योजना झालेल्या आहेत. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये सुरू केलेली महिला वैज्ञानिक योजना हे त्यांतील महत्त्वाचे उदाहरण. कौटुंबिक कारणाने ज्यांच्या कारकिर्दीत खंड पडला, अशा स्त्रियांसाठी ती होती. नेहमीच्या अर्जात जो खंड उणीव ठरतो तोच येथे पात्रतेचा आधार झाला. मूलभूत संशोधनाच्या विभागात वयोमर्यादा पुढे २७ ते ५७ वर्षे अशी विस्तृत ठेवण्यात आली. नियमित नोकरी नसणे ही अडचण न राहता अट ठरली आणि प्रकल्पखर्चाबरोबर संशोधिकेच्या निर्वाहवेतनाचीही तरतूद झाली. मद्रासच्या ७५ रुपयांमागे जे तत्त्व होते तेच हे. एखाद्या यजमान संस्थेने जागा व प्रयोगशाळा देण्याचे मान्य करावे लागे, आणि मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या स्त्रियांची अडचण बहुधा येथेच झाली असेल असे अनुमान करता येते. पुढे ही योजना 'वाइज-किरण' या व्यापक कार्यक्रमात पुनर्रचित झाली.

पदवीच नसलेल्या शोधकांसाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचे (स्थापना २०००) काम उल्लेखनीय आहे. प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' जाळ्यातून ही संस्था उभी राहिली. तिने सिडबीच्या साहाय्याने २००३ मध्ये सूक्ष्म साहसनिधी सुरू केला. तारण व जामीनदार न मागता शोधकाच्या एका स्वाक्षरीवर त्यातून भांडवल दिले जाते. बँकेच्या व्यवहारात वावरणाऱ्यास ही गोष्ट धाडसाची वाटेल. पण ज्या माणसाकडे गहाण ठेवण्याजोगे काहीच नाही त्याच्याकडे तारण मागणे म्हणजे त्याला नकार देणेच होय. मानव्यविद्यांच्या क्षेत्रात २००४ मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंडिया फाउंडेशनने स्वतंत्र भारताविषयी पुस्तक लिहिणाऱ्यांना पाठ्यवृत्ती देताना विद्यापीठातील पदाची अट ठेवलेली नाही.

परदेशातील एक प्रयोग आपल्याकडील निवड समित्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. ब्रिटिश अकादमी मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी १० हजार पौंडांपर्यंतची लघु अनुदाने देते, आणि कोणत्याही विद्यापीठात नसलेल्या स्वतंत्र अभ्यासकांनाही ती खुली आहेत. २०२२ पासून तिने अंशतः सोडतीची पद्धत स्वीकारली. तज्ज्ञ प्रथम गुणवत्तेची किमान पातळी ठरवितात; त्या पातळीच्या वर असलेल्या अर्जांतून निवड सोडतीने होते. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासूनच नवकल्पनांच्या छोट्या अनुदानांसाठी, अर्जदाराचे नाव परीक्षकांपासून गुप्त ठेवून, सोडत वापरली आहे. गुणवत्तेची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, ही कल्पना प्रथमदर्शनी अनेकांना विद्येचा अवमान वाटेल. पण चांगल्या पन्नास अर्जांतून दहा निवडताना परीक्षक जो सूक्ष्म भेद करतात, तो बहुधा संस्थेच्या नावावर आणि परिचयावर झुकतो. सोडतीला निदान कोणाची ओळख नसते.

याउलट केवळ वेगाने बहिष्कृतांपर्यंत पोचता येत नाही, हेही दिसून आले आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, अमेरिकेत सुरू झालेल्या 'फास्ट ग्रँट्स' उपक्रमात अर्ज अर्ध्या तासात भरता येई आणि निर्णय ४८ तासांत अपेक्षित असे. योजना कार्यक्षम होती. पण तिच्या लाभार्थींत नामवंत विद्यापीठांतील संशोधकच मोठ्या प्रमाणावर होते, आणि अशांनाही पैशाची एवढी चणचण भासावी याचे आश्चर्य खुद्द तिच्या संस्थापकांनी व्यक्त केले. जेथे नियम वगळणूक सांगत नाहीत तेथेही ती घडू शकते; जाहिरात कोणापर्यंत पोचली, एवढे त्यास पुरते.

महाविद्यालयाच्या पातळीवर

राष्ट्रीय धोरण बदलेपर्यंत एखाद्या संलग्न महाविद्यालयाला काही करता येईल काय? येथे रक्कम ही पहिली अडचण नाही. भाषा, इतिहास, वाणिज्य या विषयांत क्षेत्रभेटीचा प्रवास, छायाप्रती, ध्वनिमुद्रण आणि माहिती गोळा करणाऱ्यांचे मानधन एवढ्यावर सहा महिन्यांचे प्राथमिक काम होऊ शकते. विज्ञानात नमुन्यांची एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेणे हाच मुख्य खर्च असतो. माजी विद्यार्थी संघटना, संस्थेचा विकास निधी, गावातील सहकारी बँकेचा धर्मादाय निधी, यांतून अशी रक्कम उभी राहू शकते.

कठीण आहे ती तिची रचना. पहिला मुद्दा पात्रतेचा. नियमित व तासिका तत्त्वावरील अध्यापक यांना एकाच यादीत ठेवायचे झाले, तर सत्राअखेर नियुक्ती संपणाऱ्या माणसाच्या नावावर दोन सत्रांचा प्रकल्प कसा ठेवायचा, असा प्रश्न लेखा विभाग विचारणारच, आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय असा की रक्कम विभागाच्या नावे ठेवावी, प्रमुख संशोधक म्हणून नाव मात्र त्या अध्यापकाचेच असावे, आणि नियुक्ती खंडित झाली तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत ग्रंथालय व प्रयोगशाळा वापरण्याचा अधिकार लेखी द्यावा. हे तिसरे कलम लिहून घेतले नाही, तर पहिली दोन व्यर्थ ठरतात. प्रकल्प विभागप्रमुखाच्या नावे दाखविण्याची जी प्रथा काही ठिकाणी आहे तिने काम होते, पण ज्याने काम केले त्याच्याजवळ पुढील अर्जासाठी पुन्हा काहीच उरत नाही.

दुसरा मुद्दा निर्वाहाचा. आपल्या नियमावल्यांत यंत्र, पुस्तके, प्रवास, आकस्मिक खर्च ही शीर्षे सहज मान्य होतात. संशोधकाचे स्वतःचे मानधन मान्य होत नाही. पूर्णवेळ वेतन घेणाऱ्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण तासांवर मानधन मिळणारा अध्यापक संशोधनासाठी जो दिवस काढतो तो दिवस दुसऱ्या महाविद्यालयातील तास सोडून काढतो. त्याला मुद्रणयंत्र देऊन उपयोग नाही. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाला जे कळले होते ते आजच्या खर्चशीर्षांत बसत नाही.

तिसरा मुद्दा अपयशाचा. प्राथमिक तपासात अपेक्षित काही सापडले नाही, तर तोही निष्कर्ष मानून अहवाल स्वीकारला जाईल, हे अर्जाच्या नमुन्यातच छापलेले असावे. तसे नसेल तर अर्जदार आधीच ठाऊक असलेल्या उत्तराचा प्रश्न निवडतो, आणि बीजनिधीतून फक्त सुरक्षित विषयांची पेरणी होते.

आणि शेवटी पुढच्या दाराची सोय. गुडॉल यांना सहा महिन्यांनंतर दुसरे अनुदान मिळाले, कारण लीकी त्यांचे काम घेऊन योग्य माणसांकडे गेले. महाविद्यालयाच्या संशोधन समितीने प्राथमिक अहवाल कपाटात न ठेवता, त्यांतील आश्वासक असे एक-दोन निवडून, विद्यापीठाच्या संशोधन अनुदानासाठी किंवा १२(ब) असलेल्या शेजारच्या महाविद्यालयाबरोबर संयुक्त प्रस्तावासाठी अर्ज लिहिण्यास मदत करावी. त्या संयुक्त प्रस्तावात मूळ अभ्यासकाचे नाव सहसंशोधक म्हणून कायम राहील, हे प्रस्ताव पाठविण्यापूर्वी दोन्ही प्राचार्यांच्या स्वाक्षरीने नोंदवून घ्यावे लागेल.